शाळकरी हॅकर, जीवघेणा विषाणू आणि हातात मोजके तास : 'ब्लडी मंडे'चे फॉर्म्युले आपल्याला इतके खरे का वाटतात?

सिनेमातला हॅकर कसा असतो हे आपल्याला पाठ आहे. अंधारी खोली, दोन-तीन स्क्रीन, काळ्या पडद्यावर धावणारी हिरवी अक्षरं आणि अंगात हूडी. अख्खं पोलीस खातं सहा महिने जे शोधत असतं ते हा गडी सहा मिनिटांत शोधतो, शेवटी जोरात एंटर दाबतो आणि विषय संपतो.

जपानमध्ये याच मसाल्यावर एक मांगा तुफान चालली. मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स. या मालिकेचं नाव 'ब्लडी मंडे'. हॅकर आहे, दहशतवादी आहेत, विषाणू आहे, गुप्तचर खातं आहे आणि दर दहा पानांनी एक धक्का आहे. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट आपण आधी कुठे ना कुठे पाहिलेली असते, तरी हातातलं पुस्तक खाली ठेववत नाही.

अशा ठरलेल्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या साच्यांना कथालेखनाच्या भाषेत 'ट्रोप' म्हणतात. हिंदी सिनेमात जत्रेत हरवलेले जुळे भाऊ असतात ना, तसंच. पण 'ब्लडी मंडे'च्या ट्रोप्सची गंमत अशी की त्यातले बरेचसे जपानमध्ये खरोखर घडून गेलेत. कागदावर त्यांचा जसा शेवट होतो, तसा मात्र प्रत्यक्षात झाला नाही.

आधी गोष्ट काय आहे ते बघू

'ब्लडी मंडे' 2007 साली जपानच्या 'वीकली शोनेन मॅगझिन'मध्ये सुरू झाली. पहिला भाग 11 खंडांचा. पुढे आणखी दोन सीझन आले. 2008 मध्ये टीबीएस वाहिनीने त्यावर टीव्ही मालिका काढली आणि त्यात हारुमा मिउरा हा अभिनेता नायक होता.

चित्रं कोजी मेगुमी यांची आणि लेखन र्‍यो र्‍यूमोन यांचं. हे लेखकाचं खरं नाव नाही. खरा लेखक शिन किबायाशी. एका मांगासाठी एक नाव, दुसरीसाठी दुसरं, असा त्यांचा शिरस्ता. 'किंदाइची' या गाजलेल्या डिटेक्टिव्ह मालिकेसाठी ते सेइमारू अमागी होतात आणि वाईनवरच्या 'ड्रॉप्स ऑफ गॉड'साठी बहिणीसोबत तादाशी आगी. हॅकरची गोष्ट लिहिणारा माणूस स्वतःच अनेक 'आयडी' घेऊन फिरतो.

नायक आहे फुजिमारू ताकागी. शाळकरी पोरगा, शाळेच्या न्यूजपेपर क्लबमध्ये. इंटरनेटवर मात्र तो 'फाल्कन' नावाने ओळखला जाणारा हॅकर. वडील सरकारी गुप्तचर विभागातले, घरी आजारी धाकटी बहीण. रशियातून आलेल्या एका फाईलचं कोडं सोडवण्यासाठी खातं या पोराची मदत घेतं आणि एक दहशतवादी टोळी जपानमध्ये घातक विषाणू पसरवणार असल्याचं कळतं. तेवढ्यात वडिलांवर खुनाचा आळ येतो आणि शाळेत एक नवीन बाई शिकवायला येतात. या बाई कोण, ते वाचकाला आधीच माहीत असतं. फुजिमारूला नसतं.

टोळीचा म्होरक्या 'के' नावाने ओळखला जातो. 'के' कोण, हे इथे सांगण्यात मजा नाही. ज्यांना वाचायचंय त्यांनी वाचावं.

ही भीती आली कुठून?

आपल्याकडे ही कथा निव्वळ टाईमपास वाटू शकते. जपानी वाचकाचं तसं नाही, आणि त्याला कारण आहे 20 मार्च 1995 ची सकाळ. तोही सोमवारच होता.

'ओम शिनरिक्यो' नावाच्या पंथाच्या पाच जणांनी त्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी टोकियो मेट्रोच्या पाच गाड्यांमध्ये सरीन हा विषारी वायू सोडला. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत द्रवरूप सरीन भरलेलं होतं. छत्रीचं टोक घासून अणकुचीदार केलेलं. पिशवी पायाशी टाकायची, टोकाने भोसकायची आणि पुढच्या स्टेशनवर उतरून जायचं. या गाड्या कासुमिगासेकीच्या दिशेने चालल्या होत्या, म्हणजे जिथे सरकारी मंत्रालयं आहेत त्या भागाकडे. 13 माणसं गेली, पुढे अनेक वर्षांनी आणखी एका पीडितेचा मृत्यू झाला. जखमींचा आकडा 6 हजारांच्या वर होता.

जपानला जास्त हादरवलं ते हल्लेखोरांच्या ओळखीने. त्यांच्यात हृदयाची ऑपरेशन्स करणारा एक सर्जन होता. नामांकित विद्यापीठांत फिजिक्स शिकलेली मुलं होती. शेजारच्या घरात राहणारी, परीक्षेत पहिली येणारी पोरं. पंथाचा गुरू शोको असाहारासह 13 जणांना 2018 च्या जुलैमध्ये फाशी झाली.

त्यामुळे 'शाळेतल्या बाई', 'वर्गातला मित्र' किंवा 'वडिलांचा सहकारी' यांच्यापैकी कुणीही दहशतवादी निघू शकतो, हा 'ब्लडी मंडे'चा पाया जपानी वाचकाला लगेच पटतो. त्याने ते बातम्यांत पाहिलेलं असतं.

फॉर्म्युला 1 : सगळं जमणारा शाळकरी हॅकर

हा साचा जपानचा नाही, त्याचा मोठा उगम अमेरिकेत आहे. 1983 साली 'वॉरगेम्स' नावाचा सिनेमा आला. एक पोरगा गेम शोधता शोधता चुकून लष्कराच्या कॉम्प्युटरमध्ये घुसतो आणि अणुयुद्धाची वेळ येते, अशी त्याची गोष्ट. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी तो पाहिला आणि थेट आपल्या लष्करी प्रमुखांनाच विचारलं की असं खरंच होऊ शकतं का. जनरल जॉन वेसी चौकशी करून आले आणि परिस्थिती वाटते त्याहून वाईट असल्याचं त्यांनी सांगितलं. 1984 मध्ये अमेरिकेने सरकारी कॉम्प्युटरच्या सुरक्षेबद्दल धोरण आणलं, त्याची सुरुवात या प्रश्नापासून झाली असं मानलं जातं.

लेखकांना हा साचा आवडतो कारण तो कमी खर्चात मोठं काम करतो. नायकाला सुपरपॉवर द्यायची गरज नाही, बंदूक द्यायची गरज नाही. वाचक शाळकरी, नायकही शाळकरी. मोठी माणसं जिथे हतबल होतात तिथे तो पोरगा लॅपटॉप उघडतो. प्रत्येक किशोरवयीन वाचकाला मनातून हेच हवं असतं की मोठ्यांनी एकदा तरी आपल्याला येऊन विचारावं, 'आता काय करायचं?'

खरं हॅकिंग मात्र फार कंटाळवाणं असतं. बराचसा वेळ तयारी, वाट पाहणं आणि कुणीतरी चुकीच्या फाईलवर क्लिक करण्याची आशा, यात जातो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं उदाहरण घ्या. ऑगस्ट 2018 मध्ये बँकेचे 94 कोटी रुपये गेले. बँकेच्या सिस्टिममध्ये मालवेअर आधीच शिरलेलं होतं. मग ठरलेल्या दिवशी, शनिवारी, 28 देशांतल्या एटीएमवर माणसं बनावट कार्डं घेऊन उभी राहिली आणि काही तासांत पैसे काढून पसार झाली. दिसायला तो काही तासांचा थरार, पण त्याची मांडणी आधीपासून शांतपणे चाललेली. आणि हे तासाभरात उलटवून टाकणारा कुणी फाल्कन तिथे नव्हता. पुढे उरला तो पोलिसांचा वर्षानुवर्षं चालणारा तपास.

फॉर्म्युला 2 : घरातलाच भेदी

'ब्लडी मंडे'त गुप्तचर खात्यातच टोळीचा माणूस आहे. कोण, ते कळेपर्यंत वाचक प्रत्येकाकडे संशयाने बघतो. साध्या मीटिंगचा प्रसंगही त्यामुळे थरारक होतो. चार लोक टेबलाभोवती बसून बोलतायत, पण वाचक एकेकाचे डोळे वाचत असतो. साप्ताहिक मालिकेला हे फार सोयीचं पडतं. साधारण वीस पानांचं प्रकरण, शेवटच्या चौकटीत एखाद्या चेहऱ्यावर सावली, की पुढच्या आठवड्याचा अंक खपलाच.

हेही हवेतून आलेलं नाही. ओम पंथाचे अनुयायी जपानच्या सैन्यदलात होते. 1995 च्या हल्ल्यानंतर पाच वर्षांनी आणखी एक गोष्ट उघड झाली. पंथाशी संबंधित कंपन्या सॉफ्टवेअर बनवून विकत होत्या आणि त्यांच्या ग्राहकांत बड्या कंपन्यांपासून सरकारी खात्यांपर्यंत अनेक जण होते. संरक्षण खात्याला आपली नवी कॉम्प्युटर सिस्टिम सुरू करणं ऐन वेळी थांबवावं लागलं.

यात कुणी रात्री सर्व्हर फोडला नव्हता. काम ठेकेदाराकडे गेलं, ठेकेदाराने ते आणखी स्वस्तात करणाऱ्याकडे दिलं, त्याने आणखी पुढे. कोड कोण लिहितंय हे कुणी विचारलंच नाही. मांगातला भेदी सावलीत उभा असतो. इथला भेदी बिलावर सही घेऊन राजरोस आत आला होता.

फॉर्म्युला 3 : कोडी घालणारा व्हिलन

थ्रिलरमधला व्हिलन मुकाट्याने गुन्हा करून घरी जात नाही. तो मेल पाठवतो, इशारे देतो, नायकाला खेळायला बोलावतो. कारण सोपं आहे. व्हिलन गप्प बसला तर कथा पुढे कशी सरकणार? त्याचं कोडं हेच नायकाचं पुढचं पाऊल असतं.

प्रत्यक्षात इतका रिकामटेकडा गुन्हेगार कोण असतो, असं वाटेल. पण 'ब्लडी मंडे' संपता संपता, 2012 साली, जपानमध्ये असाच एक गुन्हेगार अवतरला. तो इतरांचे कॉम्प्युटर दुरून ताब्यात घ्यायचा आणि त्यांच्यावरून शाळा, विमान अशा ठिकाणी हल्ला करण्याच्या धमक्या टाकायचा. ऑक्टोबरमध्ये त्याने एका वकिलाला आणि टीबीएस वाहिनीला मेल करून 'खरा गुन्हेगार मी आहे' असं कळवलं. हो, तीच वाहिनी जिने 'ब्लडी मंडे' दाखवली होती.

2013 च्या नवीन वर्षाला त्याने माध्यमांना कोडी पाठवली. ती सोडवत गेल्यावर पोलीस एनोशिमा बेटावर पोचले आणि तिथे एका मांजरीच्या गळ्यातल्या पट्ट्याला चिकटवलेलं मेमरी कार्ड सापडलं. ही गोष्ट एखाद्या लेखकाने लिहिली असती तर संपादकाने 'जरा अति होतंय' म्हणून परत पाठवली असती.

त्याला पकडलं ते मात्र कुणा फाल्कनने नाही. बेटावरच्या सीसीटीव्हीमध्ये मांजरीजवळ आलेला एक माणूस दिसला. फेब्रुवारी 2013 मध्ये त्याला अटक झाली. खटला सुरू असताना जामिनावर सुटल्यावर त्याने एक फोन नदीकाठी पुरला आणि त्यावरून ठरलेल्या वेळी 'खरा गुन्हेगार बाहेरच आहे' असा मेल जाईल अशी सोय केली. पाळतीवरच्या पोलिसांनी त्याला खणताना पाहिलं होतं. मग त्याने सगळं कबूल केलं. 2015 मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. पाळत ठेवणं, फुटेज तपासणं, वाट बघणं, या सगळ्यात कीबोर्डवर वेगाने बोटं चालवणारं कुणी नव्हतं.

फॉर्म्युला 4 : आळ आलेला निर्दोष माणूस

मांजरीच्या आधी काय झालं होतं, ते जास्त महत्त्वाचं आहे.

धमक्यांचा माग काढत पोलीस चार वेगवेगळ्या घरी पोचले होते. आयपी ॲड्रेस त्या घरांचा, म्हणजे गुन्हेगार तिथलाच, असं साधं गणित. चौघांना अटक झाली. चौघेही निर्दोष होते. त्यांच्यातला एक तर 19 वर्षांचा कॉलेजचा विद्यार्थी. त्याने फक्त एका लिंकवर क्लिक केलं होतं. धमकीचा अख्खा मजकूर अवघ्या काही सेकंदांत पाठवला गेला होता आणि तेवढ्या वेळात तो टाईप करणं माणसाला शक्यच नव्हतं. हा धागा पोलिसांसमोर होता, पण आरोपी हातात असल्यामुळे तिकडे लक्ष गेलं नाही.

आणि चौघांपैकी दोघांनी चौकशीत गुन्हा 'कबूल' केला. न केलेला गुन्हा. त्या विद्यार्थ्याच्या जबाबात तर कारणही लिहिलेलं होतं. खरा गुन्हेगार स्वतःहून बोलला नसता तर हे चौघे कधी सुटले असते, कुणास ठाऊक.

'ब्लडी मंडे'तही फुजिमारूच्या वडिलांवर खुनाचा आळ येतो. पण वाचक म्हणून आपण निवांत असतो, कारण लेखक आपल्याला दुसरी बाजू दाखवत असतो. बाप चांगला आहे, पोराचा त्याच्यावर विश्वास आहे, कुणीतरी त्याला अडकवलंय. एका चौकटीत पोलीस, दुसरीत खरा गुन्हेगार. खऱ्या आयुष्यात ही दुसरी चौकट कुणी काढून देत नाही.

ओम पंथाच्याच बाबतीत हे आधी घडून गेलं होतं. टोकियोच्या हल्ल्याआधी, जून 1994 मध्ये, पंथाने मात्सुमोतो शहरात सरीन सोडलं होतं. पहिल्यांदा मदतीसाठी फोन केला तो तिथल्या एका रहिवाशाने. त्याची बायको कोमात गेली होती. त्याच्या घरात काही रसायनं सापडली आणि संशय त्याच्यावरच आला. पेपर आणि टीव्हीने त्याला जवळपास दोषीच ठरवलं. टोकियोचा हल्ला झाल्यावर, म्हणजे नऊ महिन्यांनी, सगळ्यांना कळलं की हे काम कुणाचं होतं. नंतर माध्यमांनी माफी मागितली. त्याच्या बायकोचा 2008 मध्ये मृत्यू झाला. ती कोमातून पूर्ण बाहेर आलीच नाही.

तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं. आज एखादा स्क्रीनशॉट, एखादं नाव आणि 'हाच तो' अशी कॅप्शन फिरायला नऊ मिनिटं पुरतात.

फॉर्म्युला 5 : टिकटिकणारं घड्याळ

वरचे चारही फॉर्म्युले ज्याच्या जोरावर चालतात तो हा पाचवा. 'ब्लडी मंडे'त दर वेळी कसली तरी मुदत असते. इतक्या तासांत विषाणू पसरेल, इतक्या मिनिटांत स्फोट होईल. अमेरिकेच्या '24' या मालिकेने 2001 पासून हा प्रकार जगभर नेला. पुढे 2013 मध्ये अनिल कपूरने त्याचा हिंदी अवतार आणला.

घड्याळाचं काम एकच. प्रश्न विचारायला वेळ ठेवायचा नाही. शाळकरी पोराच्या हातात देशाची सुरक्षा कशी काय? खात्यात दुसरा कुणी नाही का? पासवर्ड तीस सेकंदांत कसा मिळाला? घड्याळ सुरू असलं की वाचक यातलं काहीच विचारत नाही. नायकाने कायदा मोडला तरी चालतं, कारण वेळ नाही.

ही सवय कथेतच राहिली असती तर प्रश्न नव्हता. '24' मध्ये नायक वेळ संपत आलाय म्हणून संशयितांचा छळ करतो आणि माहिती मिळवतो. नोव्हेंबर 2006 मध्ये अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचे डीन, ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन, मालिका बनवणाऱ्यांना जाऊन भेटले. त्यांची तक्रार अशी की आपले विद्यार्थी हे बघून छळ करणं योग्यच आहे असं मानायला लागलेत. लष्करातला माणूस टीव्हीवाल्यांना 'जरा आवरा' म्हणून सांगायला गेला, म्हणजे गोष्ट किती पुढे गेली असेल बघा.

आणि आता हेच घड्याळ आपल्या फोनवर आलंय. 'डिजिटल अरेस्ट'चे कॉल आठवा. समोर वर्दीतला माणूस. तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात ड्रग्ज आहेत. कॉल कट करायचा नाही. घरच्यांना सांगायचं नाही, कारण त्यांच्यावरही संशय आहे. दोन तासांत पैसे 'व्हेरिफिकेशन'ला पाठवा, नाहीतर अटक. नीट बघितलं तर यात 'ब्लडी मंडे'चे फॉर्म्युले सापडतात. आळ आलेला निर्दोष माणूस आहे, घरातल्या भेदीची भीती आहे आणि टिकटिकणारं घड्याळ आहे. ठग नवीन काही शोधत नाहीत. ज्या साच्यावर आपण लहानपणापासून विश्वास ठेवत आलोय, तोच वापरतात.

'डिजिटल अरेस्ट' असा कुठलाही प्रकार भारतीय कायद्यात नाही. 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी यावर बोलताना सांगितलेला मंत्रही घड्याळ बंद करण्याचाच होता : थांबा, विचार करा, मग कृती करा. फसवणूक झालीच तर 1930 हा हेल्पलाइन नंबर आहे.

मग थ्रिलर वाचायचे की नाही?

वाचायचेच. 'ब्लडी मंडे' मजेदार आहे, वेगवान आहे आणि 'के' कोण हे कळल्यावर बसणारा धक्का अजूनही तितकाच जोरात बसतो. पैसे देऊन घाबरायचं, ही थ्रिलरची गंमतच आहे.

फक्त एवढं लक्षात राहिलं तरी पुरे. कथेत घाई केली की लोक वाचतात, कारण कोण निर्दोष हे लेखकाला आधीच माहीत असतं. मात्सुमोतोत ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या 19 वर्षांच्या पोराच्या बाबतीतही नव्हतं. त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्याच्या फोटोखाली 'हाच तो, लगेच शेअर करा' असं लिहिलेलं दिसलं, तर त्यातला 'लगेच' हा शब्द आधी वाचा. घड्याळ तिथेच लावलेलं असतं.